लेथवरचं जपानी: एका फिटरच्या नोंदी

४ एप्रिल २०२५, शुक्रवार

जपानी शिकायची वही आजपासून. आधी कारण लिहून ठेवतो, म्हणजे मधेच सोडून द्यावंसं वाटलं की हे पान उघडायचं.

आमच्या नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या शॉपमध्ये तीन सीएनसी लेथ, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, त्यातली एक सेकंडहँड जपानी, १९९४ची. मशीन एकदम सोनं, पण पॅनलच्या बटणापासून तेलाच्या झाकणापर्यंत सगळं जपानीत. ऑपरेटर लोक जागेवरून ओळखतात, लाल बटण, त्याच्या खालचं हिरवं, डावीकडून तिसरं दाबायचं नाही. आधीच्या कोणीतरी मराठीत स्टिकर लावले होते ते कूलंटने कधीच धुऊन गेले. काल सेकंड शिफ्टच्या पोराने हायड्रॉलिकच्या टाकीत स्लाइडवेचं तेल ओतलं, म्हणजे ३२ नंबरच्या जागी ६८ नंबर. दोन्ही झाकणांवर पाटी आहे, दोन्हीत तीन-तीन चित्रं, आणि शेवटचं चित्र दोन्हीत सारखंच. त्याला काय बोलणार, मलाही वाचता येत नव्हतं. टाकी रिकामी करून, धुऊन, परत भरून दीड शिफ्ट गेली.

मालक म्हणाले फोनचा कॅमेरा धरत जा ना. धरला. पाटीवर तीस वर्षांचं तेल बसलंय, फोनने पहिल्यांदा "ओलसर" सांगितलं, दुसऱ्यांदा "लोणी".

मी आयटीआय फिटर, शिक्षण मराठीत, इंग्लिश कामापुरतं. वय ३८. घर ठाण्याला कोपरीत, म्हणजे स्टेशन चालत. आठवड्याला शिफ्ट बदलते. बघू.

१० एप्रिल, गुरुवार

वेळ मोजला. ठाणे ते रबाळे गाडीत बारा-तेरा मिनिटं, मधे दिघा गाव आणि ऐरोली. प्लॅटफॉर्म १० वर गाडीची वाट बघायची पाचेक मिनिटं धरली तर जाऊन-येऊन अर्धा तास. बाकी कुठे काही निघत नाही, घरी गेलो की घरचा असतो.

फोनवर एक ॲप घेतलं आणि एक इंग्लिश पुस्तक. हिरागाना ४६ अक्षरं, काताकाना ४६, आवाज तेच पण दोन लिप्या, दुसरी परदेशी शब्दांसाठी. इथपर्यंत ठीक. पण ॲप अक्षरं सुट्टी सुट्टी फेकत होतं, आज हे चार, उद्या ते पाच, आणि डोक्यात काही राहीना. मग पुस्तकाच्या मागचा तक्ता बघितला आणि गाडीत मोठ्याने हसलो, शेजारचा बघायला लागला. आडवी ओळ आ इ उ ए ओ. उभी का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. अरे ही तर आपली बाराखडी!

रात्री शोधून वाचलं तर खरंच तसं आहे. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम लिपी शिकायचे आणि तिच्या वर्णमालेच्या क्रमावरून जपान्यांनी आपल्या अक्षरांचा क्रम लावला. मधेच 'सा' आणि 'हा' कसे घुसले असं वाटलं होतं, तर त्याचंही कारण आहे. जुन्या जपानीत 'हा' चा उच्चार 'पा' होता, म्हणून तो बरोबर म च्या आधी, प च्या जागेवर बसलाय. आणि 'सा' बसलाय च च्या जागेवर. दोन टिंबं दिली की का चा गा होतो, ता चा दा. क-ग, त-द, आपल्याला कोणी शिकवायची गरज आहे का?

'ता' च्या ओळीत ता, चि, त्सु, ते, तो असं येतं आणि पुस्तकात त्या त्सु वर अर्धं पान उपदेश आहे, की जीभ इथे ठेवा, हवा अशी सोडा. आपली चूल. चूल मधला च. आणि चि म्हणजे चिंचेतला. झालं. 'झा' म्हणजे जाळं मधला ज. इंग्लिशवाल्यांना अर्धं पान लागतं ते आपण तीन वर्षांचे असताना बोलत होतो.

१६ एप्रिल, बुधवार

आज आकडे. आजची तारीख ठाणेकराने विसरायची नाही, १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. म्हणून तोच आकडा घेतला: सेन् हाप्प्याकु गोजू सान्. हजार, आठशे, पन्नास तीन. आठशेचं हाप्प्याकु होतं, तीनशेचं साम्ब्याकु, सहाशेचं रोप्प्याकु, बाकीचे सरळ. जपानला पहिली रेल्वे १८७२ला, शिम्बाशी ते योकोहामा. म्हणजे आपण १९ वर्षं पुढे. हे कोणाला सांगायचं म्हणून लेकीला सांगितलं, ती म्हणाली मग आता त्यांची बुलेट ट्रेन का आणतोय आपण.

ती दुसरीतून तिसरीत जातेय. "पन्नास तीन" ऐकून खूश, म्हणे आमच्या पुस्तकातपण असंच आहे. २०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा मीसुद्धा चहाच्या टपरीवर नावं ठेवणाऱ्यांत होतो. आता एकोणसाठला 'पन्नास नऊ' म्हणायला मिळतंय तर बरं वाटतंय. शब्द मागे घेतो.

२९ एप्रिल, मंगळवार

नाईट शिफ्ट. सहा दिवसांत शून्य. ॲपने रडका चेहरा पाठवला, सलग दिवसांचा आकडा परत एकवर. नोटिफिकेशन बंद केलं.

१८ मे, रविवार

शाळेत ऱ्हस्व-दीर्घात माझे जेवढे मार्क गेले ते जपानी व्याजासकट वसूल करतायत. ओबासान् म्हणजे काकू-मावशी. ओबाऽसान् म्हणजे आजी. बिरु म्हणजे बिल्डिंग, बीरु म्हणजे बिअर. मराठीत आपण लिहिताना पहिली-दुसरी वेलांटी करतो पण बोलताना कोणाला पडलेली असते? पाणी लांब म्हणा नाहीतर आखूड, प्यायला मिळतं. इथे शब्दच बदलतो. आणि ओ तर आपल्याकडे एकच, त्यांच्याकडे आखूड ओ वेगळा, लांब ओ वेगळा, म्हणून वहीत लांब ओ साठी ओऽ लिहायला लागलो.

आईला ओबाऽसान् म्हणून हाक मारली. तिने विचारलं आज गाडीत कुणाबरोबर होतास?

२७ मे, मंगळवार

पाऊस यंदा मे मधेच, कालच मुंबईत मान्सून जाहीर झाला. गाड्यांचा बट्ट्याबोळ. प्लॅटफॉर्मवर पन्नास मिनिटं, अख्खी काताकाना संपली. एरवी शिव्या घातल्या असत्या.

काताकानात 'पान्' म्हणजे ब्रेड. पोर्तुगीज शब्द, तिकडे पान् झाला, इकडे पाव. हे वाचलं तेव्हा समोर वडापावच होता.

१५ जून, रविवार

कांजी. म्हणजे ती चित्रं. इथे पुस्तक बंद केलं आणि मशीनसमोर स्टूल टाकून बसलो. पुस्तक पर्वत, नदी, शाळा, विद्यार्थी शिकवतं, मला त्यातलं काही दाबायचं नाहीये. पाट्या रॉकेलने पुसून फोटो काढले, घरी एकेक चित्र बोटाने गिरवून डिक्शनरीत शोधलं. एकवीस पाट्या, तीन आठवडे.

सगळ्यात जास्त वेळा येणारं चित्र 'दोऽ', हालचाल. डावीकडे 'जड' आणि उजवीकडे 'जोर'. जड वस्तूला जोर लावला की हलते! हे चित्र काढणारा नक्की फिटर असणार. मग त्यावरून सगळी रांग लागली. हात + हालचाल म्हणजे शुदोऽ, मॅन्युअल. स्वतः + हालचाल म्हणजे जिदोऽ, ऑटो. उठणं + हालचाल म्हणजे किदोऽ, स्टार्ट. शुजिकु म्हणजे मुख्य अक्ष, आपला स्पिंडल, जॉब फिरवणारा. गेन्तेन् फुक्की, मूळ बिंदूला परत, झिरो रिटर्न. लाल बटण हिजोऽ तेइशि, इमर्जन्सी स्टॉप.

आणि ती दोन झाकणं. शेवटचं सारखं चित्र 'यु', तेल, डावीकडे पाण्याचे तीन थेंब. एक जुन्काऽत्सु-यु नाही, जुन्कात्सु-यु (बघा, परत दीर्घ), वंगणाचं तेल. दुसरं सादोऽ-यु, म्हणजे काम करवणारं, हलवणारं तेल, हायड्रॉलिक. त्यातही मधलं चित्र तोच दोऽ. एवढं एक चित्र एप्रिलमध्ये येत असतं तर ती दीड शिफ्ट वाचली असती.

अजून एक सापडलं ते लिहून ठेवतो. टोयोटावाले 'जिदोऽका' लिहिताना त्या दोऽ च्या डाव्या बाजूला माणसाची खूण जोडतात. आवाज तोच, पण अर्थ असा की मशीन आपोआप चालेल पण काही बिघडलं तर स्वतः थांबेल, माणसासारखी अक्कल असलेलं ऑटोमॅटिक.

मग लक्ष गेलं भिंतीवरच्या ५ एस च्या, म्हणजे शॉप नीटनेटकं ठेवायच्या पाच नियमांच्या बोर्डाकडे. सेइरि, सेइतोन्, सेइसोऽ, सेइकेत्सु, शित्सुके. अख्ख्या एमआयडीसीत प्रत्येक शॉपमध्ये हा बोर्ड आहे, आम्ही ऑडिटच्या आदल्या दिवशी पोपटासारखं पाठ करतो, आणि इतकी वर्षं जपानी बोलतोय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पाचवं शित्सुके, शिस्त, त्याचं चित्र 'शरीर' आणि 'सुंदर' जोडून, आणि ते चीनमधून आलेलं नाही, जपान्यांनी स्वतः बनवलेलं. तिसरं सेइसोऽ म्हणजे साफसफाई. बोर्डावर बोटभर धूळ होती.

६ जुलै, रविवार

आज आषाढी आणि आजच जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेची, जुलैची परीक्षा. फॉर्म भरलाच नव्हता, भरायचा असतो हेच उशिरा कळलं. डिसेंबरची देऊ.

व्याकरणाची नोंद, आणि ही नोंद मोठी होणार.

दोन महिने मी इंग्लिश पुस्तकातून व्याकरण करत होतो आणि मला वाटत होतं आपली अक्कल कमी आहे. प्रत्येक वाक्य आधी जपानीतून इंग्लिशमध्ये उलटं करायचं, मग इंग्लिशमधून मराठीत परत उलटं करायचं. परवा सकाळी निघताना ॲपमधलं इत्ते किमास पुटपुटत होतो. पुस्तकात त्याचं लांबलचक स्पष्टीकरण, घराबाहेर पडताना म्हणायचं, शब्दशः अर्थ मी जातो आणि परत येतो, जपानी संस्कृतीत वगैरे वगैरे. आईने विचारलं काय म्हणतोयस? सांगितलं. तर म्हणाली, "म्हणजे 'जाऊन येतो' ना रे? मग एवढं काय त्यात, जातो म्हणू नये एवढं सगळ्यांनाच कळतं." आणि घरातले उलट म्हणतात इत्तेराश्शाइ. जाऊन ये.

आई चौथी शिकलेली. रत्नागिरीच्या आत गाव. मी चपला घालायचा थांबलो.

त्या दिवसापासून वहीत इंग्लिश बंद. डावीकडे जपानी, उजवीकडे सरळ मराठी, शब्दाखाली शब्द. कोरे वा आबुरा देस का? हे तेल आहे का? त्यांचा का शेवटी, आपलाही का शेवटी, आणि का म्हणजे का! ई देस ने, छान आहे ना. ओचा गा सुकि, चहा आवडतो. इंग्लिशमध्ये 'मी' चहाला आवडवतो, आपल्याकडे आणि त्यांच्याकडे चहाच आपला आपण आवडतो.

आणि सगळ्यात भारी ही: शिते मिरु. शिते म्हणजे करून, मिरु म्हणजे बघणे. करून बघणे. पुस्तक म्हणतं 'ट्राय', आणि खाली चार ओळींची सूचना की इथे 'बघणे' चा अर्थ डोळ्याने बघणे नाही. आम्हाला सांगता? शिते ओकु, ओकु म्हणजे ठेवणे, करून ठेवणे. शिते शिमाउ, करून टाकणे किंवा करून बसणे, तेल ओतून बसला तसं.

वर त्यांना लिंग नाही. तो ती ते नाही, आला आली आलं नाही. आपली तीन लिंगं सांभाळून जगणाऱ्या माणसाला ही तर सुट्टीच आहे.

मी असं म्हणत नाही की जपानी सोपी आहे. पण मी ती चुकीच्या दाराने आत जायला बघत होतो, ज्या दाराशी मुळात मीच अडखळतो.

२ सप्टेंबर, मंगळवार, गावाहून

आज गौरीबरोबर गणपती गेले. ऑगस्टमध्ये एकही नोंद नाही. आधी ऑर्डरचा लोड, मग लेकीचा ताप, मग गाव. परीक्षेचा फॉर्म मात्र भरून ठेवलाय. शिते ओकु.

५ ऑक्टोबर, रविवार

मोजणी. जपानीत नुसतं तीन म्हणून भागत नाही, काय मोजतोय त्यावर शेपूट बदलतं. लांब वस्तूंना होन्, चपट्या वस्तूंना माइ, माणसांना निन्. आपल्याकडे नग म्हटलं की हत्तीपासून नटापर्यंत सगळं झालं. आणि होन् सुद्धा सरळ नाही: इप्पोन्, निहोन्, साम्बोन्, योनहोन्, गोहोन्, रोप्पोन्. स्टोअरमध्ये बोल्टची मोजदाद होती ती मी मागून घेतली, ४०० बोल्ट जपानीत मोजले. स्टोअरचे काका म्हणाले, बरं आहेस ना?

शुक्रवारी त्या मशीनचं मागचं इलेक्ट्रिकल कॅबिनेट साफ करायला उघडलं होतं. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने एक ओळ आहे, आम्ही सगळ्यांनी शंभरदा बघितलेली, रेघोट्या म्हणून सोडलेली. यावेळी बसून वाचली. हेइसेइ ९, महिना ५, मग काताकानात बे-रु-तो. बेरुतो बेरुतो म्हणत डिक्शनरी काढणार होतो, आणि मग ट्यूब पेटली, बेल्ट! पुढे कोऽकान्, बदलला. हेइसेइ हे त्यांच्या सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजायचं साल, हेइसेइ १ म्हणजे १९८९, म्हणजे ९ म्हणजे १९९७. मे १९९७ ला बेल्ट बदलला.

मीपण बेल्ट बदलला की कॅबिनेटच्या दारावर मार्करने तारीख टाकतो. माझ्या तारखा त्याच दारावर आहेत, वीतभर खाली.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आज आपटलो. लिहायलाच पाहिजे.

कस्टमरकडून पाहणीला लोक आले होते, त्यात एक वयस्कर जपानी इंजिनिअर आणि दुभाषी ताई. मालकांनी आधीच सांगून ठेवलेलं, आमचा फिटर जपानी शिकतोय. नमस्कार-चमत्कार नीट झाले, हाजिमेमाश्ते म्हणालो, ते हसले. मशीनवरच्या पाट्यांखाली मी नवीन मराठी पाट्या लावल्यात त्या त्यांनी वाकून बघितल्या, 'शुजिकु' वर बोट ठेवलं, मी "स्पिंडल" म्हणालो. छाती दीड हात. मग त्यांना एक कव्हर उघडून बघायचं होतं, स्वतः हात घालायला लागले, तर मी पुढे होऊन म्हणालो, शिते आगेमास. करून देतो. आपल्याकडे यापेक्षा नम्र काय असतं? त्यांनी मान हलवली, पण दुभाषी ताईंच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं.

नंतर चहाला त्यांनी हळूच सांगितलं, आगेरु मध्ये 'मी तुमच्यावर उपकार करतोय' असा वास येतो, मोठ्या माणसाला, पाहुण्याला असं म्हणत नाहीत. नुसतं शिमास म्हणायचं, करतो. किंवा शिमाश्योऽ का, करू का? आणि दुसऱ्याने माझ्यासाठी करून दिलं तर आगेरु नाही, कुरेरु, देण्याचा शब्दच वेगळा. मी दिलं एक, मला दिलं दुसरं.

मराठीचं दार आतपर्यंत नेतं, पण प्रत्येक खोलीत नाही. 'आहे' चंही तेच, माणूस-जनावर असेल तर इरु, वस्तू असेल तर आरु. मशीनला आरु. (इतक्या वर्षांनी मला तिला आरु म्हणायला जड जातं.)

वहीत लाल पेनाने तिसरा कॉलम सुरू केला, 'इथे मराठी चालत नाही'. आत्ता सात ओळी.

१६ नोव्हेंबर, रविवार

सराव पेपर. एन५ म्हणजे सगळ्यात खालची पायरी, एकूण १८० मार्क, पास व्हायला ८०, पण भाषा-वाचनात १२० पैकी किमान ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी १९ वेगवेगळे लागतात. लिहायचं नाही, बोलायचं नाही, सगळे पर्याय. माझं वाचन बरंय. ऐकणं बोंब. शॉपमध्ये पंधरा वर्षं काढलेले कान, बायको मराठीत बोलते तेसुद्धा मी दोनदा विचारतो.

पाट्यांवरच्या निम्म्या कांजी या परीक्षेत येतच नाहीत. स्पिंडल माहीत आहे, 'शाळा' आता शिकतोय. पर्वत, नदी, विद्यार्थी सगळे परत येऊन बसले समोर.

७ डिसेंबर, रविवार

परीक्षा. रविवार म्हणजे मेगाब्लॉक डोक्यात धरून दोन तास आधी निघालो, आणि दीड तास आधी पोचलो. रांगेत सगळी कॉलेजची पोरं, एकीने मला विचारलं, "सर, सुपरवायझर का?" म्हटलं नाही गं, सुपरवायझर कंपनीत.

शब्द २० मिनिटं, ठीक. व्याकरण-वाचन ४० मिनिटं, दोन उतारे घाईत. ऐकणं ३० मिनिटं, कुठल्याशा बाई दुकानात काहीतरी किती नग मागत होत्या आणि चित्रात चार पर्याय. साम्बोन् ऐकलं. पक्कं ऐकलं. ४०० बोल्ट मोजलेत मी. बाकीच्यात दोन-तीन ठिकाणी शेवटचा का ऐकून प्रश्न आहे एवढंच कळलं.

निघताना आईला इत्ते किमास म्हणालो होतो. तिने "जाऊन ये, आणि डबा विसरू नको" एवढंच म्हटलं, आणि डबा विसरलो.

१८ डिसेंबर, गुरुवार

रिझल्ट जानेवारीत. गाडीत परत नुसता बसून राहायला लागलो होतो, दोन दिवस बसलो, तिसऱ्या दिवशी वही काढली. लाल कॉलम एकोणीस ओळींवर.

आज शॉपमध्ये अजून एक सेकंडहँड मशीन उतरलं. क्रेनवाला गेला, मालकांनी मला हाक मारली, "अरे ये, तुझंच आहे हे." पॅनल इंग्लिशमध्ये, पण बाजूला तेलाची मोठी पाटी, सगळी चित्रं. वाचायला लागलो. शुजिकु, बरोबर. यु, बरोबर. दोऽ आहे. मधेच काही ओळखीची वाटतात पण जुळत नाहीत, आणि एकही हिरागाना कशी नाही म्हणून खालची कंपनीची पाटी पुसली. तैवान.

म्हणजे ही चिनी. अर्थ निम्मा कळतोय, उच्चार एकाचाही येत नाही.

"काय लिहिलंय?" मालक म्हणाले.

"स्पिंडलचं तेल इथे," म्हटलं. "बाकीचं उद्या सांगतो, आधी रॉकेल मागवा."